आयुष्यातला मोठा बदल, एडीएचडी आणि डिप्रेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि इथून पुणे-नाशिक-सुरतेला गेलेल्या घरांतून हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात. मी समुपदेशक आहे, मोठ्या माणसांच्या एडीएचडीवर (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जातं अशी मेंदूची वेगळी घडण) काम करते. औषध द्यायचं, बदलायचं की थांबवायचं हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. इथे त्यांच्याकडे जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर लागणारी माहिती आहे. उदाहरणांतले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. मरणाचे विचार येत असतील तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १५ वाचा, किंवा थेट १४४१६ ला फोन करा.

१. एडीएचडी लहान मुलांना असतो ना? मोठ्या माणसाला कसा असेल?

सुरुवात लहानपणीच होते, पण वय वाढलं म्हणून तो जातोच असं नाही. ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे. लक्ष टिकवणं, काम हातात घेणं, वेळेचा अंदाज बांधणं, कागदपत्रं आणि वस्तू सांभाळणं, मनात आलेलं लगेच बोलून किंवा करून न टाकणं, हे सगळं अशा माणसाला इतरांपेक्षा फार जड जातं. वय वाढतं तशी उड्या मारणं, धावणं कमी होतं आणि अस्वस्थता आत जाते, म्हणून घरच्यांना वाटतं की सुधारला. निदानासाठी काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात. जगभरचा अंदाज असा की १०० प्रौढांत दोन-तीन जणांना एडीएचडी असतो. आपल्याकडे त्यांना धांदरट, वेंधळा, आळशी म्हणतात आणि तेच ऐकत ती माणसं मोठी होतात.

२. नुसतं वाईट वाटणं आणि डिप्रेशन, फरक कसा ओळखायचा?

मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं, यांपैकी एक तरी सलग दोन आठवडे, रोज, दिवसाचा बहुतेक वेळ असेल आणि सोबत झोप-भूक बिघडणं, थकवा, हालचाल मंदावणं, अपराधी वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार अशी आणखी लक्षणं असतील, तर ते डिप्रेशन समजून तपासून घ्यायचं. आपल्याकडे माणूस "मी उदास आहे" असं क्वचित म्हणतो. "डोकं जड राहतं", "पित्त होतं", "करमत नाही", "अंगात जीवच नाही" असं म्हणतो आणि आधी फॅमिली डॉक्टरकडे सलाईन लावून येतो.

मधली एक अवस्थाही असते. बदलानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत त्रास सुरू होतो आणि परिस्थिती मार्गी लागली की बहुधा सहा महिन्यांत ओसरतो. हा जुळवून घेतानाचा ताण. त्यालाही मदत लागते, पण उपचार वेगळे असू शकतात.

३. एडीएचडी असला की डिप्रेशन जास्त होतं म्हणतात. काबरं?

हो, जास्त होतं. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, एडीएचडी असलेल्या प्रौढांपैकी १८.६ टक्क्यांना मागच्या वर्षभरात डिप्रेशन आढळलं. एडीएचडी नसलेल्यांत हे प्रमाण ७.८ टक्के होतं.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. काही भाग आनुवंशिक आहे. काही भाग वर्षानुवर्षं खाल्लेल्या बोलण्यांचा: "अक्कल आहे, पण वापरत नाही" हे हजारदा ऐकलेल्या माणसाला ते मनापासून खरं वाटू लागतं. झोपेचं चक्रही बहुतेकांचं उशिराकडे सरकलेलं असतं, आणि अपुरी झोप मन खचवते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कारण मात्र बाहेरचं आहे. एडीएचडी असलेला माणूस उभा असतो तो पुष्कळदा आजूबाजूच्या आधारावर. उठवणारी आई, ठरलेली बस, डबा हातात देणारी बहीण, रोज त्याच वेळी हाक मारणारा मित्र. घड भरला की केळीला बांबूचा टेकू देतात, तसे हे टेकू असतात, आणि ते आहेत हे ना त्या माणसाला माहीत असतं ना घरच्यांना. मोठा बदल होतो तेव्हा ते सगळे एकाच दिवशी निघतात. मग चुका वाढतात, बोलणी वाढतात, माणूस स्वतःलाच दोष देत खाली जातो. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत: बदलानंतर माणसाला दोष देण्याआधी कोणता टेकू गेला ते शोधायचं.

४. बदल म्हणजे कोणते? चांगली गोष्ट घडली तरी असं होतं?

होतं. शिक्षणासाठी घर सोडणं, लग्न, बाळंतपण, नवी नोकरी, बढती, बदली, घर बांधणं, घर वाटणीला निघणं, जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट, आजारपण, निवृत्ती. यातले निम्मे तर पेढे वाटण्याचे प्रसंग आहेत. पण दिनक्रम मोडतो तो आनंदातही मोडतोच. चांगल्या बदलात वर एक अडचण अशी की माणसाला दुःख बोलून दाखवता येत नाही. "सगळं चांगलं झालंय, मग तुला काय कमी आहे?" या प्रश्नापुढे तो गप्प होतो.

५. मुलगा बारावीपर्यंत जळगावला हुशार होता. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, पहिल्याच वर्षी केटी लागल्या (विषय राहिले), आता फोनही उचलत नाही. हे लाड की आजार?

एक कागद घ्या आणि तो घरी असताना कोण काय करत होतं ते लिहा. पहाटे आजोबा उठवायचे. क्लासची रिक्षा दारात हॉर्न द्यायची. आई ताट वाढून समोर ठेवायची. क्लासचे सर दर रविवारी टेस्ट घ्यायचे. हुशारी त्याचीच होती, पण ती वेळेवर कामाला लावण्याचं काम चार माणसं करत होती. पुण्याच्या खोलीवर यातलं कुणी नाही.

पुढचा क्रम आमच्याकडे ओळखीचा आहे. एक लेक्चर चुकतं, मग लाजेने दुसरं. सबमिशन राहतं. मेसचे डबे न उघडता कोपऱ्यात पडून राहतात. रात्रभर मोबाईल, दिवसभर झोप. घरून फोन आला की "काय सांगू?" म्हणून उचलत नाही. न उचललेल्या फोनांची संख्या वाढली की उचलायची हिंमत आणखी कमी होते.

फोनवर रागावून यातलं काहीही सुटत नाही. ज्याच्याशी त्याचं जमतं त्या माणसाने, मामा असो की थोरला भाऊ, तिथे जाऊन दोन दिवस सोबत राहावं. झोप, जेवण, खोली पाहावी. केटी सुटतात, वर्ष गेलं तरी भरून निघतं, हे स्पष्ट शब्दांत सांगावं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. मग एक-दोन टेकू परत लावावेत: वर्गात सोबत नेणारा रूममेट, जेवणाची ठरलेली वेळ, आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून दोघांनी आपापलं काम करत बसणं. या कॉलवर अभ्यासाची चौकशी करायची नाही. कुणी नुसतं समोर असलं तरी एडीएचडी असलेल्या पुष्कळांचं काम सुरू होतं.

६. लग्न होऊन सासरी आले आणि मी पार कोलमडले. माहेरी मी अशी नव्हते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले की बरी असते. मग दोष सासरचा का?

दोष कुणाचा हे ठरवण्याआधी फरक कशात पडला ते बघू. माहेरी घर कसं चालतं हे तुमच्या अंगवळणी पडलेलं होतं. सासरी डबे वेगळे, वेळा वेगळ्या, पद्धती वेगळ्या, आणि सगळं एकदाच सांगितलं जातं, दुसऱ्यांदा विचारलं की "लक्ष कुठे असतं?" आखाजीला माहेरी गेल्यावर जुने टेकू परत मिळतात, म्हणून बरं वाटतं. (छळ, मारहाण किंवा पैशांची मागणी होत असेल तर तो वेगळाच विषय आहे. तिथे जुळवून घ्यायचं नसतं, मदत घ्यायची असते. महिला हेल्पलाईन १८१.)

चोपड्याकडून सुरतेला, उधन्याच्या बाजूला दिलेली एक मुलगी आठवते. खान्देशी वस्ती, भाषा आपलीच, नवरा समजूतदार. तरी सहा-सात महिन्यांत तिचं जेवण तुटलं. ती रोज सकाळी तळहातावर पेनाने लिहायची: दूध, मोटार, पप्पांची गोळी. कणीक मळायला घेतली की अक्षरं पुसली जायची. मग दूध उतू जायचं, टाकी वाहायची, आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही. चूक होऊ नये म्हणून ती पहाटे चारला उठू लागली. झोप गेली तशा चुका वाढल्या.

तिला डिप्रेशनचं औषध लागलं, पुढे एडीएचडीचं निदान झालं. पण घरात फरक पडला तो साध्या गोष्टींनी. कामांची यादी मसाल्याच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली. मोटार बंद करणं नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. गोळ्यांची आठवड्याची डबी आली आणि सासरे स्वतःच गोळी घेऊ लागले. सासूबाईंना सगळं लगेच पटलं असं नाही, पण टाकी वाहणं थांबलं तशी घरातली धुसफुस कमी झाली.

७. बाळंतपणानंतर रडू येतं, बाळाची भीती वाटते. हे एडीएचडीमुळे का?

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवतं. त्यापुढे टिकलं तर प्रसूतीनंतरचं डिप्रेशन असू शकतं, आणि एडीएचडी असलेल्या बायांमध्ये ते जास्त आढळतं. हार्मोन्स झपाट्याने उतरतात, झोप तुकड्यातुकड्यांत येते, आणि दर दोन तासांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी वाढतात. तपासणीत थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघायला सांगा. प्रसूतीनंतर थायरॉईड बिघडून हुबेहूब अशीच लक्षणं दिसू शकतात.

सव्वा महिना माहेरी असताना ठीक आणि सासरी परतताच त्रास, असं असेल तर प्रश्न ६ पाहा. अंगावर पाजत असाल तर औषध स्वतःहून बंदही करू नका आणि सुरूही करू नका. पाजताना चालणारी औषधं आहेत, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल विचित्र शंका, दोन-तीन रात्री अजिबात झोप न लागूनही झपाटल्यासारखं वागणं, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

८. नोकरी बदलली, बढती मिळाली आणि कामच होईना. शेतीतही असं होतं का?

बढतीत नेमकं काय बदलतं ते बघा. आधी काम समोर यायचं आणि तुम्ही करायचात. आता काम ठरवायचं, वाटायचं, पाठपुरावा करायचा. एडीएचडीत हीच बाजू सगळ्यात कमजोर असते. घरून काम करणाऱ्यांचंही तसंच. ऑफिसची बस, शेजारचं टेबल, चहाची वेळ हे सगळं दिवस बांधून ठेवत होतं.

शेतीत एक गोष्ट चांगली असते: काम स्वतःच हाक मारतं. पाण्याची पाळी आली, खत द्यायचं आहे, कटाईला गाडी आली. म्हणून एडीएचडी असलेली कितीतरी माणसं शेतात उत्तम काम करतात आणि कुणाला शंकाही येत नाही. मग मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडची केळीची बाग एका संध्याकाळी आडवी होते. पैसा जातो, कर्ज राहतं, आणि शिवाय उद्या सकाळी उठून जायचं कुठे हेही जातं. त्याच वेळी जे काम समोर येतं ते सगळं कागदाचं: पंचनामा, विम्याची सूचना ७२ तासांत, बँकेत चकरा, आधार-सातबारा-खातेपुस्तक. सगळ्यात खचलेल्या आठवड्यात सगळ्यात न जमणारं काम. अशा वेळी शेजाऱ्याने किंवा भाच्याने सोबत बसून एक अर्ज भरून दिला तर ती दहा वेळा धीर देण्याहून मोठी मदत आहे. आणि फवारणीच्या औषधांबद्दल प्रश्न १५ मध्ये जे लिहिलंय ते याच घरांसाठी जास्त लिहिलंय.

९. वडील रेल्वेतून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत बदलले. विसरतात, चिडतात, बसून असतात. या वयात एडीएचडी?

भुसावळची रेल्वे असो, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी असो की दीपनगरचं वीजकेंद्र, शिफ्टची नोकरी माणसाचा दिवस तीस-पस्तीस वर्षं बाहेरून चालवते. ती थांबली की आत दडलेला एडीएचडी उघडा पडू शकतो. पण साठीच्या पुढे नव्याने विसरायला लागलेल्या माणसाला एडीएचडी म्हणून सोडून देऊ नका. डिप्रेशन, थायरॉईड, बी-१२ची कमतरता, ऐकू कमी येणं, डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात, हे सगळं तपासावं लागतं. लहानपणापासूनची कहाणी नसेल तर एडीएचडी नव्हे.

१०. आई गेल्यापासून मन उठत नाही. हे दुःख की डिप्रेशन?

दुःख लाटांसारखं येतं. मधे आठवणींनी हसूही येतं, नातवंडं आली की बरं वाटतं. डिप्रेशनमध्ये ती मधली जागा उरत नाही आणि "मीच नालायक" हा सूर सतत राहतो. दहाव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, खरा त्रास नंतर सुरू होतो. एडीएचडी असलेल्यांत आणखी एक प्रकार दिसतो: कामाच्या धबडग्यात दुःख पुढे ढकललं जातं आणि काही महिन्यांनी, एखाद्या साध्या दिवशी, अंगावर कोसळतं. लोक म्हणतात, "आता काय नवीन झालं?" नवीन काही झालेलं नसतं. आईच जर घरची घडी सांभाळणारी असेल, तर माणूस आणि टेकू दोन्ही एकदम गेलेले असतात. दोन्हींचा वेगळा विचार करा.

११. एडीएचडीत तर मन नेहमीच वर-खाली होतं. मग डिप्रेशन वेगळं कसं कळणार?

एडीएचडीतला खालचा मूड बहुतेक वेळा कशाने तरी सुरू होतो आणि काही तासांत, दिवसभरात पालटतो. कुणी टाकून बोललं, मन उतरलं. मित्र आला, पुन्हा उभं. कामं साचतात तेव्हा हातपाय गळतात, पण आवडीचं काही समोर आलं की डोळे चमकतात. डिप्रेशनमध्ये आवडीचंही बेचव होतं. म्हणून मी एक प्रश्न नेहमी विचारते: "ज्यात तुम्ही वेळ विसरायचात ते सध्या करता का?" क्रिकेट, गाणी, गाडी खोलून बसणं, काहीही. "करावंसंच वाटत नाही" हे उत्तर दोन आठवडे टिकलं तर थांबू नका, दाखवा.

१२. माझं उलट आहे. नव्या गावात, नव्या नोकरीत मला एकदम मस्त वाटतंय. म्हणजे मी सुटलो का?

नवेपणा एडीएचडीच्या मेंदूला आवडतो. पहिले दोन-तीन महिने सगळं सोपं वाटतं, लोक कौतुक करतात. मग काम रोजचं होतं, नवेपणा उतरतो, आणि घसरण सुरू होते. बदलाच्या दिवशी नव्हे, नंतर. पुष्कळांना ती बदलाशी जोडताच येत नाही. बरं वाटतंय त्याच काळात टेकू लावून घ्या (प्रश्न १७), तेव्हा ते हातून होतं.

एक सावधगिरी. झोप तीन-चार तासांवर आली तरी थकवा नाही, बोलणं सुसाट, पैसा उधळणं, मोठमोठे बेत, आणि हे चार-पाच दिवस सलग, तर ते नवेपणाचं नसून बायपोलरचं (मन काही काळ अति उंच, काही काळ अति खाली जाण्याच्या आजाराचं) लक्षण असू शकतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, औषध त्यावरून बदलतं.

१३. माझं वय ४१. घटस्फोटानंतर सगळं विस्कटलं आणि डॉक्टर म्हणाले एडीएचडी. आजवर कुणाला कसं कळलं नाही?

टेकू भक्कम होते म्हणून. हुशार मुलं आणि शांत, आपल्यातच रमणाऱ्या मुली तर हमखास सुटतात. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर तज्ज्ञांकडे न्या. "हुशार आहे, पण लक्ष नाही", "वह्या अपूर्ण" हे शेरे निदानाला खरंच उपयोगी पडतात. आई, आत्या, शाळूसोबती यांना विचारा. डिप्रेशनमध्येही लक्ष लागत नाही, म्हणून लहानपणीचा पुरावा नसताना घाईने निदान करू नये, आणि चांगले डॉक्टर करतही नाहीत.

निदान कळल्यावर आधी हलकं वाटतं आणि मग राग येतो: हे २० वर्षांपूर्वी कळलं असतं तर? तो राग रास्त आहे. तो बोलायला जागा शोधा, समुपदेशन यासाठीही असतं.

१४. डॉक्टरांनी आधी डिप्रेशनचं औषध दिलं, एडीएचडीचं नंतर बघू म्हणाले. असं का? दोन्ही सोबत चालतात का?

जे जास्त जड, त्याला आधी धरतात. डिप्रेशन तीव्र असेल, जेवणखाण तुटलं असेल, मरणाचे विचार असतील, तर आधी ते. डिप्रेशन सौम्य असेल आणि रोजच्या फजितीतूनच आलं असेल, तर एडीएचडीचा उपचार आधी केल्याने मनही सावरू शकतं. दोन्ही औषधं सोबतही देतात. काही गोष्टी माहीत असाव्यात:

डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. एडीएचडी असलेल्या माणसाला इतकी वाट पाहणं कठीण. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून पाकीट बाजूला पडतं. या काळात गोळी देणं घरच्या कुणीतरी हातात घ्यावं. मन बरं झालं तरी विसरणं आणि धांदल राहते, कारण या गोळ्या एडीएचडीवरच्या नाहीत.

एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट लगेच काम करतं. त्याने भूक आणि झोप कमी होऊ शकते, बीपी-नाडी बघावी लागते. एडीएचडीवरच्याच ॲटोमॉक्सेटिनला काही आठवडे लागतात. ॲटोमॉक्सेटिन चालू असताना डिप्रेशनवरचं फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन दिलं तर ॲटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस सांभाळावा लागतो. म्हणून दोन डॉक्टर असतील तर दोघांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. कोणतीही गोळी अचानक सोडू नका. डिप्रेशनच्या गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, मळमळ, अंगात झटके आल्यासारखं होतं आणि माणसाला वाटतं आजार वाढला.

पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्यावं. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, सिकलसेलचीही चाचणी व्हावी; तिथला थकवा कधी कधी रक्तातला असतो.

१५. मरणाचे विचार येतात. कुणाला सांगू?

आत्ता, ज्याच्यावर भरवसा आहे त्या कुणालाही. "मला मरावंसं वाटतंय, माझ्याजवळ थांब" एवढंच बोला, कारण सांगायची गरज नाही. कुणी नसेल तर टेलि-मानस, १४४१६. हा सरकारी नंबर आहे, २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२.

घरच्यांसाठी: एडीएचडीत विचार आणि कृती यांच्यात फार कमी वेळ जातो, आणि तो धोक्याचा क्षण बहुतेकदा टळूनही जातो. तेवढा वेळ हाताशी काही नसणं यानेच जीव वाचतात. आपल्याकडे कपाशीवर फवारायची औषधं ओट्यावर, खाटेखाली, पडवीत ठेवलेली असतात. ती आजच पेटीत टाका, कुलूप लावा, चावी दुसऱ्या घरी द्या. गोळ्यांची पाकिटं एकाच माणसाकडे ठेवा, आठवड्यापुरतीच बाहेर काढा. माणसाला थेट विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न नेणारी घरं मी पाहिली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं म्हटलं आहे. उपचार आधी.

१६. एडीएचडीची गोळी आमच्या तालुक्याला मिळतच नाही. बदलीनंतर तर खंडच पडला. काय करायचं?

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं. ते विकायला मेडिकलवाल्याला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीची एक प्रत त्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणून छोट्या गावात ते बहुधा ठेवत नाहीत. तुमच्यावर संशय म्हणून नव्हे. डॉक्टरांकडून चिठ्ठी दोन प्रतींत घ्या आणि ते औषध कोणत्या दुकानात मिळतं हेही त्यांनाच विचारा. गाव बदलताना जुन्या डॉक्टरांचं निदान आणि डोस लिहिलेलं पत्र सोबत असू द्या. नवीन गावात सामान लावायच्या आधी डॉक्टर शोधा. दुसऱ्या कुणाची गोळी घेऊ नका, पार्सलनेही मागवू नका.

१७. दोन महिन्यांनी लग्न आहे, किंवा बदली आहे. आधीपासून काय तयारी करावी?

प्रश्न ५ मधली यादी करा: आज तुम्हाला कोण उठवतं, कोण आठवण देतं, कोणती वेळ ठरलेली आहे. त्यातल्या फक्त तीन गोष्टी नव्या जागी न्यायच्या ठरवा. झोपायची-उठायची वेळ, औषधाची वेळ आणि रोज दिसणारं एक माणूस, या तिन्ही असल्या तर बाकीचं सावरतं. दहा नव्या सवयी एकदम लावायला गेलात तर आठवड्यात सगळ्या सुटतील. बदलानंतर सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची भेट आधीच ठरवून ठेवा, बरं वाटत असलं तरी. आणि होणाऱ्या जोडीदाराला लग्नाआधी सांगा. सांगून मोडलेली सोयरीक नंतर मोडणाऱ्या संसारापेक्षा कमी दुखते, हे माझं ठाम मत आहे.

१८. घरच्यांनी काय बोलावं, काय बोलू नये?

"मन घट्ट कर", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "त्या अमक्याचा मुलगा बघ" हे बंद करा. "आज अंघोळीला पाणी काढून ठेवलंय", "चल, सोबत जाऊ", "हे पत्र मी लिहितो, तू सही कर" हे बोला. एका वेळी एकच काम सांगा, आणि ते झालं की तसं म्हणा. देवदर्शन, कानबाईचा उत्सव, कीर्तन यांनी बरं वाटत असेल तर जरूर न्या, पण गोळी चालू ठेवून.

१९. नोकरी सोडावीशी वाटते, घर सोडून जावंसं वाटतं. निर्णय घेऊ का?

डिप्रेशन सगळं निरुपयोगी दाखवतं आणि एडीएचडी "आत्ताच सोडून टाक" म्हणतो. दोन्ही मिळून घेतलेला निर्णय निस्तरायला वर्षं जातात. परत फिरवता न येणारा निर्णय उपचार सुरू होऊन किमान दोन-तीन महिने पुढे ढकला: राजीनामा, जमीन विकणं, फारकत. राजीनाम्याऐवजी आधी वैद्यकीय रजा मागा. अपवाद एकच: मारहाण, छळ किंवा जिवाला धोका असेल तर बाहेर पडायला थांबू नका.

२०. खान्देशात कुठे दाखवायचं? खर्च आणि विम्याचं काय?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती सिव्हिलमध्ये किंवा आशाताईंकडूनही मिळू शकते. खासगी डॉक्टरांकडे वेळ घेताना "मोठ्या माणसांचा एडीएचडी बघता का?" असं फोनवरच विचारा. पहिल्या भेटीला लहानपण पाहिलेलं घरचं माणूस सोबत न्या आणि काय सांगायचं ते कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर निम्मं विसरतं. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा, असं २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. पण बऱ्याच पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, तेव्हा बाह्यरुग्ण तपासणी आणि गोळ्यांचा खर्च त्यात बसतो का ते पॉलिसी घेतानाच विचारून घ्या.